तरसालीच्या पायाची मापं

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून शेठ ते वाचायच्या फंदात पडले नाहीत. माझ्या टेबलावर टाकून म्हणाले, "बेन, जुओ ने, युनिवर्सिटीवाळा शुं मांगे छे."

मागणी साधी होती. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला परदेशातून आलेले काही विद्यार्थी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीची मुलं आपापल्या गावी जाऊन काका-मामांच्या ओळखीने सहा आठवड्यांचं ट्रेनिंग उरकायची. ह्यांना इथे ना काका ना मामा. तेव्हा शहरातल्या कंत्राटदारांनी एकेक विद्यार्थी घ्यावा, त्याला एस्टिमेटिंग आणि साइटचं काम शिकवावं आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावं, एवढंच विद्यापीठाचं म्हणणं होतं.

शेठ खूश झाले. "फॉरेनचा स्टुडन्ट आपल्याकडे ट्रेनिंगला!" असं दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. बाजार नुकता खुला झाला होता, मांजलपूरला शेतं जाऊन फ्लॅट उभे राहत होते आणि बडोद्यात फॉरेन म्हटलं की दुकानदार खुर्ची पुसून द्यायचा. होकाराचं पत्र मीच टाइप केलं.

मेच्या पहिल्या सोमवारी तो आला. उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पुठ्ठ्याची फाइल. टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावचा. शेठ हात पुढे करूनच केबिनमधून बाहेर आले होते. तो हात त्यांनी वाटेतच वळवून स्वतःच्या केसांवरून फिरवला. मग आत गेले आणि मला बोलावलं.

"बेन, मला वाटलं गोरा येईल."

"पत्रात तसं काही नव्हतं."

"फॉरेन लखेलुं हतुं ने?"

दार उघडंच होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. बाथरूमच्या टाइल्सच्या शोरूमवर आमचं ऑफिस होतं, आणि चार वर्षं मी तिथे एस्टिमेटर होते. माझ्याखेरीज मराठी कुणी नव्हतं. एस्टिमेटर म्हणजे काय ते माझ्या घरी शेवटपर्यंत कुणाला नीट समजलं नाही, म्हणून इथे सांगते. इमारत कागदावर असतानाच तिच्यात विटा किती, सिमेंट किती, सळ्या किती लागतील ते काढायचं, हे पहिलं काम. आणि बांधकाम सुरू झालं की प्रत्यक्ष किती झालं त्याची मापं घेऊन मापाच्या पुस्तकात उतरवायची, हे दुसरं. पहिलं अंदाजाचं काम, दुसरं पुराव्याचं.

पहिल्या आठवड्यात मी त्याला नकाशावरून मापं उचलायला शिकवलं. अमोनियाचा वास मारणाऱ्या ताज्या प्रिंटा पसरून एकेक बीम मोजायचा, मोजून झाला की त्यावर लाल पेन्सिलीचं टिंब. दोन भिंती मिळतात तिथला कोपरा दोनदा मोजला जातो, तो वजा करायचा. तिसऱ्या दिवशी त्याने माझं जुनं एस्टिमेट सराव म्हणून पुन्हा केलं आणि इंग्रजीत हळूच म्हणाला, "मॅडम, इथे सहा कोपरे वजा व्हायचे राहिलेत का?" मला राग आला. मी त्याला म्हटलं, आधी पद्धत समजून घे. घरी नेऊन तपासलं तर त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तेव्हा तो असा खुलला की मलाच बरं वाटलं. शिकवण्यातलं सुख मला तोवर माहीत नव्हतं. ते सहा आठवडे नुसते तेवढेच असते तर मी हे लिहायला बसले नसते.

ऑफिसात आणखी तिघं-चौघं होते. ते कोण होते ह्याने काही बिघडत नाही, कारण बोलायचे सगळे एकच. त्याच्यासमोर, त्याच्या तोंडाकडे बघत, हसत, गुजरातीतून. काळियो आला. काळियो जेवला का. वीज गेली तर ह्याला शोधायचा कसा. ह्याच्या अंगाला काय लावतात, की हा असाच येतो. ते ऐकून तोही बिचारा हसतो असं आम्हाला वाटायचं, कारण कुणी आपल्याकडे बघून हसलं की तो सभ्यपणे हसून मान हलवायचा. मीही एक-दोनदा हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले. सगळे हसत असताना एकटीने गंभीर बसायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि त्याला कुठे कळतंय, हा आधार होता.

शेठना मात्र लवकरच त्याचा उपयोग सापडला. फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं की त्याला बोलावून समोर बसवायचे. "अमारे त्यां फॉरेनथी ट्रेनिंग लेवा आवे छे." कंपनीच्या माहितीपत्रकासाठी त्याचा फोटो काढायचा ठरला. आमच्या कुठल्याच साइटवर डोक्याला हेल्मेट नावाची वस्तू नव्हती. सेंटरिंगवाले उघड्या डोक्याने तिसऱ्या मजल्यावर चढायचे. फोटोसाठी बाजारातून एक पिवळं हेल्मेट आणवलं, ते त्याच्या डोक्यावर ठेवलं, हातात गुंडाळलेला नकाशा दिला आणि त्याच्या शेजारी शेठ स्वतः उभे राहिले. फोटो झाल्यावर हेल्मेट खोक्यात परत गेलं. शेठनी बेसिनपाशी जाऊन साबणाने हात धुतले. त्याच्या खांद्यावर ठेवला होता तो हात.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला तरसालीच्या साइटवर बोलावलं. तिथे एका सरकारी खात्याच्या शिपाई-कारकुनांसाठी क्वार्टर्स बांधायचं काम आमच्याकडे होतं. मी स्कूटीवरून गेले. तो दोन शटल रिक्षा बदलून आला, शेवटचा तुकडा उन्हात चालत. आम्ही दोघं एकाच ऑफिसातून निघालो होतो. मागच्या सीटवर बस असं मी त्याला म्हटलं नाही, कारण वाटेत मांजलपूरमध्ये मला ओळखणारी माणसं होती.

साइटचा सुपरवायझर जाडजूड, तोंडात कायम मावा. त्याने ह्याला पाहिलं आणि खड्डे खोदणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "थोडा बाजूला हो रे, तू कुठला आणि तुझी सावली कुठली तेच समजत नाही." दाहोदकडची आदिवासी माणसं होती खोदायला. ती हसली नाहीत. मी खाली नकाशात बघत राहिले.

दुपारी सिमेंटच्या गोदामाच्या सावलीत आम्ही डबे उघडले. तो म्हणाला, "बेन, जरा पाणी आपशो?"

मी बाटली दिली. ती त्याच्या हातात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तो गुजराती बोलला होता. मोडकं नाही. जुन्या बायका बोलतात तसं मऊ, थोडं कच्छी वळणाचं.

"तुला गुजराती येतं?"

"आवडे छे," तो म्हणाला, म्हणजे येतं, आणि मग त्याच भाषेत सांगत गेला. त्याच्या गावात गुजराती व्यापाऱ्यांची घरं होती. त्याची आई एका घरी स्वयंपाक करायची. तो त्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली वाढला. त्या घरच्या म्हाताऱ्या बा त्याला हाताशी धरून आकडे शिकवायच्या. इथे शिकायला यायचं त्याने ठरवलं तेही त्यांच्यामुळे. आमचा मुलूख चांगला आहे, माणसं मायाळू आहेत, असं त्या म्हणायच्या. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्याने बडोदं मुद्दाम मागून घेतलं होतं.

मी म्हटलं, "म्हणजे तुला सगळं..."

"बधुं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"पहिल्या दिवशी बोलणार होतो. पण शेठ केबिनमध्ये तुमच्याशी बोलले ते बाहेर ऐकू आलं. मग वाटलं, आता बोललो तर त्यांना लाज वाटेल." मग म्हणाला, "आणि मला इथे सहा आठवडे काढायचे आहेत. तुम्ही कुणाला सांगू नका."

माझं हसणंही त्याने ऐकलं होतं आणि कशावर हसले तेही त्याला कळलं होतं. डबा पुसून त्याने झाकण लावलं.

त्यानंतर ऑफिसात बसणं मला जड होऊ लागलं. कुणी काही बोललं की ते आधी माझ्या कानात शिरे आणि लगेच त्याच्या कानातून पुन्हा ऐकू येई. मावा खाऊन लाल झालेली तोंडं, त्यातून सुटणारे तेच ते विनोद, स्वतःच्याच विनोदावर हलणारी पोटं. ह्या माणसांबरोबर मी चार वर्षं जेवत आले होते. दिवाळीला ह्यांच्या घरचे मठिये खाल्ले होते. आता त्यांच्या हातचा चहा घ्यायची शिसारी येई. पण गप्प बसा, असं मी म्हटलं का? नाही म्हटलं. त्याने सांगू नका म्हटलंय, ही सबब माझ्या हाताशी होती. 'त्याला समजतं' हे न सांगताही 'असं बोलू नका' म्हणता आलं असतं. ती वाट दिसत असून मी तिच्याकडे पाठ केली.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मला एक विचारलं. वसतिगृह दुरुस्तीसाठी बंद झालं होतं, तो चार मित्रांबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत होता. महिनाभरासाठी जवळ कुठे जागा मिळेल का?

जागा होती. जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात, म्हणजे गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. भाडेकरू गेला होता, नवा दिवाळीला यायचा होता. रात्री जेवताना मी बाबांकडे विषय काढला. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. आजोबा संस्थानच्या शिक्षण खात्यात होते, आणि देशात इतरत्र नव्हती तेव्हा आपल्या बडोद्यात मुलींनाही शाळा सक्तीची होती, हे बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

"एका विद्यार्थ्याला द्यायच्या का बाबा, महिनाभर? आमच्याकडे ट्रेनिंगला आलाय."

"कुठला?"

"टांझानियाचा. फार हुशार आहे."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. "माझी काही हरकत नाही. पण पोळातले लोक काय म्हणतील? खाली दुकान आहे, बायका येतात-जातात."

"तुम्ही विचारून तर बघा."

"ह्यात विचारायचं काय? समजतं माणसाला." आणि आईकडे वळून म्हणाले, "आमटी छान झालीये."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "खोल्या होत्या, पण कालच दुसऱ्याला दिल्या बाबांनी."

"हो," तो म्हणाला. "बडोद्यात खोल्या कालच जातात."

आता पायाचं सांगते. तरसालीकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हात फाटते; मेमध्ये भेगेत मनगटापर्यंत हात जातो. म्हणून क्वार्टर्सचा पाया दीड मीटर खाली, घट्ट मुरूम लागेपर्यंत न्यायचा असं ड्रॉइंगमध्ये होतं. खड्डे खणून झाले, काँक्रीट पडायच्या आधी खोलीची मापं घ्यायची होती. ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी त्याला एकट्यालाच टेप देऊन पाठवलं. तो संध्याकाळी परत आला तेव्हा शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. त्याने वही पुढे केली. छत्तीस खड्डे, प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली, शाईने. एक मीटर दहा. एक मीटर बारा. एक मीटर आठ. एकही दीड नव्हता.

मी वही घेऊन केबिनमध्ये गेले. शेठनी ती उघडलीही नाही.

"ड्रॉइंगमां शुं छे?"

"दीड."

"तो दोढ लखो."

ह्यात नवीन काहीच नव्हतं. चार वर्षांत मी असे कितीतरी खड्डे कागदावर खोल केले होते. पुस्तक उघडून लिहायला बसले. तो शेजारी उभा राहून बघत होता.

"मॅडम, हे कुठलं पुस्तक?"

"मापाचं."

"पण मी दिलेली मापं ही नाहीत."

"इथे थोडं अंदाजाने चालतं," मी म्हटलं.

"अंदाज आधी असतो ना? हे तर झाल्यावरचं आहे." मी लिहीत राहिले, तेव्हा त्याने विचारलं, "त्या घरांत मुलं राहणार का?"

"राहतील की. क्वार्टर्स आहेत."

तो आपल्या टेबलावर जाऊन बसला.

पुस्तकात 'माप घेणार' असा एक रकाना असतो. तिथे मी नेहमी माझं नाव लिहीत असे. शेठ बाहेर आले, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "बेन, ह्या वेळी पोराचं नाव घाला. त्याच्या सर्टिफिकेटला कामी येईल." मला ते चांगलं वाटलं. खरंच वाटलं, की ह्या माणसाला एकदा तरी त्याच्याविषयी बरं काही सुचलं. की मला तसं वाटून घ्यायचं होतं? कोण जाणे. मी सुवाच्य अक्षरात त्याचं नाव छत्तीसच्या छत्तीस ओळींपुढे लिहिलं. त्याला दाखवलं नाही.

दोन आठवड्यांनी सरकारी साहेब तपासणीला आले. टेंडर हुकलेल्या दुसऱ्या कुणा कंत्राटदाराने तक्रार केली होती, हे शेठना आधीच कळलं होतं. साइटवर कापडी मांडव घातला होता, खुर्च्या, लिंबाचं सरबत. शेठनी मला बोलावलं होतं आणि आवर्जून त्यालाही. मला वाटलं, मिरवायला.

साहेबांनी दोन कॉलमशेजारची माती उकरायला लावली. तासाभराने पायाचा तळ लागला. टेप सोडला. एक मीटर दहा. दुसरा, एक मीटर बारा. साहेबांनी पुस्तक मागितलं, पान काढलं.

"अहीं तो दोढ लखेलुं छे."

शेठ जराही गडबडले नाहीत. रुमालाने मान पुसली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे हात केला. साहेब, हा ट्रेनिंगचा पोरगा आहे, आफ्रिकेचा, असं गुजरातीत सांगू लागले. मापं ह्याने घेतली, नाव बघा, ह्याचंच आहे. ह्यांच्याकडे कुठे मीटर आणि फूट. आमच्या बेन फार शिकवतात, पण आ लोकोनी बुद्धि केटली चाले? मग आवाज मऊ करून म्हणाले, "जवा दो ने साहेब, परदेशी आहे, त्याचं वर्ष बिघडवू नका. आम्ही दुरुस्त करून देतो."

रकान्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आणि शेठच्या तोंडावर त्या क्षणी खरोखरीची माया होती. त्या मायेने मला जेवढी किळस आली तेवढी त्या साबणाच्या हातांनीही आली नव्हती.

तो एक पाऊल पुढे झाला आणि गुजरातीत, सावकाश बोलला, "साहेब, मी मापलं तेव्हा एक मीटर दहा होतं. जसं तुम्हाला आता लागलं तसंच. माझी वही माझ्याजवळ आहे." त्याने वही पुढे केली. सुपरवायझरचा जबडा चावता चावता थांबला. शेठचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला. मला वाटलं, आता फुटलं. आणि मनात मी सुटले.

साहेब खो-खो हसायला लागले.

"अरे! आ तो आपणुं गुजराती बोले छे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. ड्रायव्हरला हाक मारून बोलावलं, "आव, आव, सांभळ!" म्हणजे ऐक, आणि मग त्याच्याकडे परत वळून म्हणाले, "फरी बोल ने. फरी बोल." पुन्हा बोल. कुठे शिकलास, खिचडी-कढी खातोस का, घरी आईला काय म्हणतोस. शेठही हसायला लागले, आधी घाबरत, मग मोकळेपणाने. सुपरवायझर हसला. ज्या तोंडांनी महिनाभर काळियो म्हटलं होतं ती तोंडं आता "शुं वात छे!" म्हणत त्याच्याभोवती गोळा झाली. त्याची वही हवेत तशीच धरलेली होती. ती कुणी घेतली नाही. काही वेळाने त्याने हात खाली घेतला.

हसणं ओसरल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "बेन, पुस्तकातलं अक्षर तुमचं?"

"हो."

"मग ह्याने तुम्हाला कुठला आकडा दिला होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेठ घड्याळाकडे बघत होते. तोही बघत होता, काही मागत नव्हता, नुसता बघत होता. मला सगळे छत्तीस आकडे तोंडपाठ होते.

"जोवुं पडशे, साहेब," मी म्हटलं. बघावं लागेल.

साहेबांनी मान डोलावली, सरबताचा ग्लास संपवला आणि शेरा लिहिला की प्रशिक्षणार्थीच्या हातून नोंदीत चूक झाली, दुरुस्त करून सादर करावे. उकरलेली माती मजुरांनी परत लोटली. जाताना साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला आणि शेठना म्हणाले, "मस्त नमूनो लाव्या छो." दुरुस्ती पुढे झाली ती फक्त पुस्तकाच्या पानाची. जमिनीखाली काही बदललं नाही.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईने विचारलं, ऊन लागलं का? हो म्हटलं. काही दिवसांनी बाबांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तू तरी काय करणार होतीस? नोकरी आहे." त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला त्यांचा संताप आला, आणि लगेच समजलं की मी त्यांच्याकडे गेले होते ती नेमकं हेच ऐकायला.

सहावा आठवडा संपत आला तेव्हा शेठ म्हणाले, "सर्टिफिकेट फक्कड बनवा. आणि त्याच्याकडून ती वही घेऊन या." निरोप्या मीच. तो टेबलाशी बसून जिन्याच्या सळ्या मोजत होता. तेव्हाही मोजत होता, आणि तेव्हाही बरोबर.

"वही दिलीस की प्रमाणपत्र मिळेल," मी म्हटलं.

"हे शेठ म्हणतात की तुम्ही?"

"शेठ."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "प्रमाणपत्र नसेल तर हे वर्ष धरत नाहीत. वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती जाते. मग परत जायचं." पाठ म्हणावा तसं म्हणाला आणि पिशवीतून वही काढली. मी आवाज खाली आणून म्हटलं, "आधी झेरॉक्स काढून घे. खाली कोपऱ्यावर दुकान आहे. मी थांबते." माझं सगळं शौर्य ते एवढं.

"कुणाला दाखवायला?" त्याने विचारलं. "तुम्हाला तर आकडे माहीतच आहेत."

मी वही केबिनमध्ये नेऊन दिली. शेठनी ती खणात टाकली.

प्रमाणपत्रात मी मनापासून लिहिलं होतं. मेहनती, प्रामाणिक, मापांत अचूक. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. "मॅडम, हा अचूक शब्द काढाल?"

"का? खरं आहे ते."

"माझ्या नावावर छत्तीस दीड मीटर आहेत," तो म्हणाला. त्याला कुणी दाखवलं नव्हतं. साहेबांच्या हातात पुस्तक होतं तेव्हाच त्याने वाचलं असणार. मी तो शब्द काढून पुन्हा टाइप केलं. शेठनी न वाचता सही केली. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

माहितीपत्रक छापून आलं, त्यात तो हेल्मेट घालून शेठशेजारी उभा होता. गुळगुळीत कागद, खाली 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण' असं काहीतरी. क्वार्टर्स पुऱ्या झाल्या, कुटुंबं राहायला आली. दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या भेगा गेल्या. मी एकदा एका घरात गेले होते, तर बाईंनी भेगेवर देवाचं कॅलेंडर लावलं होतं आणि पोरगी खालून निघालेला गिलावा नखाने काढत बसली होती. मी त्या कंपनीत आणखी अडीच वर्षं होते. पुढे सोडली ती दुसरीकडे वरची जागा मिळाली म्हणून. मन खात होतं म्हणून सोडली असं मी लोकांना सांगत आले आहे. ते खोटं आहे.

तो पुन्हा एकदाच भेटला, वर्षभराने, फतेगंजला. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली होती. बरोबर त्याच्याच देशाचा एक नवा मुलगा होता. मी चुकवून जाणार होते, पण त्यानेच पाहिलं, थांबला, आईबाबा कसे आहेत विचारलं. मग मित्राला इंग्रजीत सांगितलं, "ह्या मॅडम. ह्यांनी मला एस्टिमेटिंग शिकवलं." टोमणा नव्हता त्यात. असता तर मला सोपं गेलं असतं.

मित्राचे डोळे चमकले. "मॅडम, मला पण सुट्टीत ट्रेनिंग करायचंय. तुमच्या ऑफिसात घेतात का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे येऊ नकोस."

त्या सगळ्या काळात मी बोललेलं एवढं एकच सरळ वाक्य असेल. पण त्या मुलाने असले नकार ह्या शहरात आधी बरेच ऐकले असावेत. त्याचा चेहरा लगेच बंद झाला, सवयीने हसला, "ठीक आहे मॅडम, काही हरकत नाही," म्हणाला. मला सांगायचं होतं की तुझ्यासाठी म्हणतेय, तिथे तुझं नाव वापरतील. पण मागून गाड्या हॉर्न देत होत्या, आणि काय काय सांगणार होते मी रस्त्यात? ते दोघं गेले. मी स्कूटीला किक मारली आणि बाबांची औषधं घ्यायला दुकानाकडे निघाले.